जुन्या पिकअप गाडीच्या हेडलाइटची निवड : एक प्रकाशशास्त्रीय विवेचन

नाशिक जिल्ह्यातील द्राक्षे, टोमॅटो व भाजीपाला यांची वाहतूक पुष्कळ अंशी रात्री होते. सायंकाळी माल भरावयाचा, रात्री घाट उतरावयाचा आणि पहाटेपूर्वी वाशीच्या किंवा सुरतेच्या बाजारात गाडी लावावयाची, असा हा क्रम आहे. या कामी असलेल्या पिकअप गाड्यांपैकी कित्येक दहा-पंधरा वर्षे वापरात असलेल्या असतात. अशा गाडीचे हेडलाइट मंद वाटू लागले की मालक सुट्या भागांच्या दुकानात जातो. तेथे त्याच्यापुढे तीन वस्तू ठेवल्या जातात : जादा वॅटचा बल्ब, जुन्याच दिव्यात बसणारा निळसर-पांढरा एलईडी बल्ब आणि तिसरा, संपूर्ण नवा दिवा. निवड बहुधा एकाच कसोटीवर होते. दुकानासमोरच्या भिंतीवर प्रकाश पाडून पाहावयाचा आणि जो डोळ्यांस अधिक झगझगीत वाटेल तो घ्यावयाचा. ही कसोटी केवळ अपुरी नसून बऱ्याच वेळा उलट उत्तर देणारी आहे. ते कसे, आणि तिच्या जागी कोणती कसोटी लावावी, हे पाहण्याचा प्रस्तुत लेखाचा हेतू आहे.

हेडलाइट म्हणजे प्रकाश देणारी वस्तू, अशी आपली समजूत असते. वस्तुतः ते प्रकाश वाटून देणारे उपकरण आहे. ठरावीक जागी प्रकाश पाडणे आणि ठरावीक जागी तो मुद्दाम न पाडणे, ही दोन्ही कामे त्याने करावयाची असतात. यांपैकी दुसरे काम अधिक अवघड. जुन्या पद्धतीच्या दिव्यात मागील बाजूस अन्वस्ताकार परावर्तक असतो. त्याच्या नाभीशी प्रकाशबिंदू ठेवला तर परावर्तित किरण अक्षाला समांतर निघतात, हे आपण भूमितीत शिकलेलो असतो. परंतु तो बिंदू नाभीपासून जरा ढळला, तर काय होते? नाभ्यंतर २५ मिलिमीटर धरू आणि प्रकाशबिंदू अक्षाच्या खाली अवघा एक मिलिमीटर सरकला असे मानू. शिरोबिंदूजवळून परावर्तित होणारे किरण १/२५ रेडियन, म्हणजे सुमारे २.३ अंश, वर उचलले जातील. परावर्तकाच्या कडेकडील भागांत हा कोन कमी होतो, तथापि परिमाण लक्षात येण्यास एवढे पुरे आहे.

या २.३ अंशांचे महत्त्व कळण्यासाठी डिपरचा उतार किती असतो ते पाहावे लागेल. डिपरच्या प्रकाशाची वरची कड साधारणतः शेकडा एक या प्रमाणात खाली झुकलेली असावी लागते. म्हणजे दहा मीटरवर दहा सेंटिमीटर, किंवा कोनात सांगावयाचे तर ०.५७ अंश. प्रकाशस्रोत एक मिलिमीटर चुकला तर होणारी चूक या उताराच्या चौपट भरते. जमिनीपासून ८० सेंटिमीटर उंचीवर बसविलेल्या दिव्याची प्रकाशकड जी ८० मीटरवर रस्त्याला टेकावयाची, ती ५० मीटरवरच सुमारे २.३ मीटर उंचीवर जाते. समोरून येणाऱ्या चालकाचे डोळे याच्या बरेच खाली असतात. एका मिलिमीटरची ही किंमत ध्यानात ठेवली, म्हणजे पुढील सर्व विवेचन सोपे होईल.

आपल्याकडील बहुसंख्य जुन्या हलक्या मालवाहू गाड्यांत एच-४ या नावाने ओळखला जाणारा, दोन तंतूंचा, ६०/५५ वॅटचा हॅलोजन बल्ब असतो. युरोपात तो १९७१ मध्ये आला. त्याची रचना मोठी मार्मिक आहे. अपरचा तंतू परावर्तकाच्या नाभीजवळ येतो. डिपरचा त्याच्या पुढे असतो आणि त्या तंतूखाली धातूची एक लहानशी वाटी बसविलेली असते. ही वाटी खाली जाणारे किरण अडविते, त्यामुळे डिपर चालू असताना परावर्तकाचा खालचा भाग वापरलाच जात नाही. वरच्या भागावरून परतलेले किरण खालीच झुकतात. वाटीची एक कड आडवी नसून १५ अंशांनी कललेली असते. तिच्यामुळे प्रकाशकड एका बाजूस वर चढते आणि रस्त्याच्या आपल्या बाजूची कड, पायी चालणारा मनुष्य, दिवा नसलेली बैलगाडी हे दूरवरून दिसू लागतात. असा असममित झोत युरोपात १९५७ पासून प्रचारात आला. तात्पर्य, एच-४ च्या दिव्यात झोताला आकार देण्याचे निम्मे काम बल्बमधील ती वाटीच करीत असते. बल्ब आणि परावर्तक हे दोन वेगळे पदार्थ नव्हेत. ते एका यंत्राचे दोन अवयव होत.

आता या दिव्यात बाजारातला एलईडी बल्ब बसविला तर काय घडेल? मूळ तंतू ही सुमारे साडेपाच मिलिमीटर लांबीची बारीक गुंडाळी असते व ती अक्षाभोवती सर्व दिशांनी प्रकाश फेकते. एलईडी मात्र चपट्या पट्टीच्या दोन अंगांवर बसविलेले असतात. पट्टीला काही जाडी हवीच, कारण उष्णता तिच्यातूनच मागे न्यावयाची असते. म्हणून प्रकाश देणारे पृष्ठ अक्षावर नसून अक्षाच्या दोन्ही बाजूंस मिलिमीटरच्या हिशेबात दूर राहते. शिवाय पट्टीच्या कडांच्या दिशेने प्रकाश जवळजवळ जातच नाही. परावर्तकाच्या काही भागांना जास्त, काहींना कमी, आणि सर्वांनाच चुकीच्या जागेवरून प्रकाश मिळतो. पट्टी जितकी पातळ आणि वाटीची नक्कल जितकी नेमकी, तितका दोष कमी; पण ते वेष्टनावर छापलेल्या वॅट व ल्यूमेन यांच्या आकड्यांवरून कळत नाही. हे आकडे मूळ एच-४ च्या डिपरच्या सुमारे १००० ल्यूमेनांहून पुष्कळ मोठे असतात आणि भिंतीवर झगझगाटही भरपूर दिसतो, कारण जो प्रकाश रस्त्यावर पडावयाचा तो भिंतीवर वर चढलेला असतो. भिंतीची कसोटी उलट उत्तर देते, ती अशी.

जर्मनीत २०२० पासून काही एलईडी बदली-बल्बांना परवानगी मिळाली आहे, परंतु ती सरसकट नाही. विशिष्ट बल्ब, विशिष्ट गाडीच्या विशिष्ट दिव्यात, तपासून मगच मान्य होतो. मान्यता बल्बाला नव्हे, तर जोडीला असते. प्रकाशशास्त्राच्या दृष्टीने हाच विचार बरोबर आहे. आर्क पद्धतीच्या, ज्यांना बाजारात एचआयडी म्हणतात, त्या संचांस तर हा आक्षेप अधिकच लागू पडतो. त्यांच्या ३५ वॅटच्या नळीतून सुमारे ३२०० ल्यूमेन प्रकाश निघतो. आणि युरोपीय नियमांत २००० ल्यूमेनांहून अधिक प्रकाशाच्या स्रोतासोबत झोताची आपोआप पातळी राखणारी यंत्रणा व काच धुण्याची सोय असावी लागते. जुन्या पिकअपमध्ये या दोहोंपैकी काहीच नसते.

झगझगाटाचा त्रास हा सहनशीलतेचा प्रश्न आहे, चालकाने मान जरा वळवावी, असे काही जण म्हणतात. हॉलाडे यांनी १९२६ मध्ये व स्टाइल्स यांनी १९२९ मध्ये केलेल्या कामावरून ठरलेला एक साधा नियम येथे उपयोगी पडतो. डोळ्यात शिरणारा तीव्र प्रकाश डोळ्याच्या आतच विखुरतो आणि दृश्यावर एक धूसर पडदा पसरतो. या पडद्याची दीप्ती, डोळ्यापाशी पडणाऱ्या प्रदीपनाच्या (लक्समध्ये) दहापटीस स्रोत व दृष्टिरेषा यांमधील कोनाच्या (अंशांत) वर्गाने भागून मिळते. पूर्वीच्या युरोपीय नियमानुसार २५ मीटरवरील पडद्यावर समोरच्या चालकाच्या डोळ्यांच्या जागी ०.४ लक्सहून अधिक प्रकाश पडता कामा नये. हे २५० कॅन्डेला होतात. समोरची गाडी ५० मीटरवर असून बाजूचे अंतर तीन मीटर असेल तर कोन सुमारे ३.४ अंश आणि पडद्याची दीप्ती दर चौरस मीटरला ०.०९ कॅन्डेलाहून कमी येते. हीच तीव्रता चुकीच्या झोतामुळे १०,००० कॅन्डेला झाली, तर पडदा चाळीसपट दाट होऊन साडेतीनच्या घरात जातो. स्वतःच्या दिव्यांनी उजळलेल्या डांबरी रस्त्याची दीप्ती बहुधा एकाच्या आतबाहेर असते. म्हणजे पडदा रस्त्याहून अधिक उजळ झाला. आणि त्या पडद्यामागे कोणी चालत असेल तर तो दिसणार नाही. येथे चालकाच्या मनोनिग्रहाला वाव नाही. उतारवयात डोळ्यातील हे विखुरणे वाढते, ही गोष्ट वेगळीच.

मुंबई-नाशिक महामार्गावर दुभाजकामुळे समोरचा प्रकाश काही अंशी अडतो. पेठमार्गे सुरतेकडे किंवा वणीहून सापुताऱ्याकडे जाताना, घाटाच्या वळणांवर जेथे मधला दुभाजक नाही, तेथे वरील हिशेब अक्षरशः लागू पडतो.

इतके झाल्यावर मालकाचा मूळ प्रश्न शिल्लक राहतोच : त्याचे दिवे खरोखर मंद आहेत, मग त्याने करावे तरी काय? माझ्या मते प्रथम बल्ब किंवा दिवा न बदलता व्होल्टमीटर हाती घ्यावा. इंजिन चालू व डिपर लावलेले असताना बॅटरीच्या टोकांवरील विद्युत्‌दाब मोजावा, नंतर बल्बाच्या होल्डरपाशी मोजावा. पुष्कळ जुन्या गाड्यांत हेडलाइटचा सारा प्रवाह डॅशबोर्डावरील स्विचमधून व डिपरच्या दांडीतून फिरून येतो. गंजलेले जोड, झिजलेले स्विच, बारीक तार व बॉडीवर केलेले कच्चे अर्थिंग, सर्वांचा रोध मिळून ०.१ ओहम झाला तरी दोन बल्बांच्या सुमारे दहा अँपिअर प्रवाहामुळे एक व्होल्ट वाटेतच खर्ची पडतो. तंतूच्या दिव्याचा प्रकाश विद्युत्‌दाबाच्या साधारण ३.४ व्या घाताप्रमाणे बदलतो. १३.२ व्होल्टच्या जागी १२.२ मिळाले तर प्रकाश शेकडा २३ ने घटतो, ११.२ मिळाले तर शेकडा ४३ ने. बल्ब नवा, कंपनी नामांकित, आणि प्रकाश जेमतेम निम्म्यावर, हे कोडे असे सुटते.

त्यावर उपाय म्हणजे बॅटरीपासून फ्यूज व रिले घालून जाड तार थेट दिव्यापर्यंत आणणे आणि अर्थिंगची तार स्वतंत्र देणे. जुना स्विच मग केवळ रिले चालवितो. वाहनाच्या वायरिंगचे काम करणाऱ्या कोणत्याही जाणत्या इलेक्ट्रिशियनला हे अवगत असते, आणि खर्चही नव्या दिव्यांच्या जोडीपेक्षा फारसा नसतो. याउलट १००/९० वॅटचे बल्ब घालणारा मनुष्य रोगावर रोगच देतो. ९० वॅटचे दोन बल्ब सुमारे पंधरा अँपिअर ओढतात, त्याच ०.१ ओहममध्ये आता दीड व्होल्ट नाहीसा होतो, वाढीव शक्तीचा काही भाग तारा व होल्डर तापविण्यात जातो, प्लॅस्टिकचा होल्डर वितळतो आणि परावर्तकाचा मुलामा काळवंडतो. जे काही थोडे अधिक मिळते ते पहिल्या पावसाळ्यापुरते.

विद्युत्‌दाब योग्य असूनही प्रकाश कमी असेल तर काच व परावर्तक पाहावेत. जीप घराण्यातील जुन्या गाड्यांवर सात इंची, म्हणजे १७८ मिलिमीटर व्यासाचा गोल दिवा असे. अमेरिकेत १९४० च्या गाड्यांपासून सीलबंद दिव्याच्या रूपाने हे माप रूढ झाले, आणि १९४७ मध्ये महिंद्र कंपनीने मुंबईत जीप जोडण्यास प्रारंभ केल्यावर ते आपल्याही अंगवळणी पडले. त्या दिव्याची पुढची काच खरी काच असते. ती पिवळी पडत नाही. पुढच्या काळातील पॉलिकार्बोनेटची काच मात्र उन्हातील अतिनील किरणांनी पिवळी व धुरकट होते, कारण तिच्यावरील संरक्षक थर जातो. घासून-पॉलिश करून ती स्वच्छ होते हे खरे (टूथपेस्टचा घरगुती उपायही काही दिवस साधतो), परंतु थर परत दिला नाही तर काही महिन्यांत पिवळेपणा पुन्हा येतो. धुरकट काच केवळ प्रकाश कमी करीत नाही. ती तो विखुरते, म्हणजे पुन्हा समोरच्याच्या डोळ्यात टाकते. परावर्तकाचा ॲल्युमिनियमचा मुलामा उडाला असेल, तर मात्र दुरुस्तीचा नाद सोडून संपूर्ण दिवाच बदलावा.

संपूर्ण दिवा निवडताना सात इंची गोल मापाची सोय हाच त्याचा धोकाही आहे. जगातील कोणताही सात इंची दिवा त्या खोबणीत बसतो. अमेरिकेतील वाहनांसाठी केलेलासुद्धा. तेथे गाड्या रस्त्याच्या उजव्या बाजूने धावतात, म्हणून त्या दिव्याचा झोत उजवीकडे दूरवर पोचतो. आपल्याकडे उजवीकडे समोरून येणारी गाडी असते. असा दिवा येथे बसविणे म्हणजे जी कड पदपथाकडे उचलावयाची ती समोरच्या चालकाकडे उचलणे होय. दिवा कितीही उत्तम कारागिरीचा असला तरी हा दोष समायोजनाच्या स्क्रूने जाणारा नाही.

सुदैवाने यावरची खूण काचेवर कोरलेली असते, आणि ती वाचावयास शिकणे हे या लेखातील सर्वांत उपयुक्त काम ठरेल. वर्तुळातील ‘ई’ व त्यापुढचा आकडा म्हणजे ज्या देशाने मान्यता दिली त्याचा क्रमांक. १ म्हणजे जर्मनी, ४ म्हणजे नेदरलँड्स, ११ म्हणजे ब्रिटन. ‘एचसी’ ही अक्षरे हॅलोजन डिपरची, ‘एचआर’ अपरची आणि ‘एचसीआर’ दोहोंची. याखेरीज बाणाची खूण पाहावी. दिव्याच्या समोर उभे राहून पाहिले असता बाण आपल्या उजव्या हाताकडे असेल, तर दिवा डाव्या बाजूने चालणाऱ्या वाहतुकीसाठी आहे. आपल्याला हवा तो हाच. दोन्हीकडे टोक असलेला बाण म्हणजे दोन्ही प्रकारांस जुळवून घेता येणारा दिवा. बाण मुळीच नसेल, तर तो उजव्या बाजूच्या वाहतुकीचा समजावा. केवळ ‘डीओटी’ ही अमेरिकी अक्षरे असलेला दिवाही त्याच वर्गात टाकावा. ज्यावर कसलीच खूण नाही, त्याविषयी अधिक लिहिण्याचे कारण नाही. आपल्याकडील प्रमाणांत दिव्यांच्या कार्यासाठी एआयएस-०१० व बसवणुकीसाठी एआयएस-००८ ही मानके आहेत. पुण्याची एआरएआय ही १९६६ पासून काम करणारी संस्था अधिकृत तपासणी संस्थांपैकी एक आहे.

मूळ रचनेतच एलईडी असलेला, म्हणजे ज्याचे परावर्तक वा भिंग त्या एलईडीसाठीच आखलेले आहे असा, मान्यताप्राप्त संपूर्ण दिवा घेण्यास प्रकाशशास्त्रीय हरकत नाही. एवढेच की हॅलोजनच्या उष्णतेने काचेवरील दव वाळते, ती सोय येथे नसते. इगतपुरीच्या पावसाळी धुक्यात ते जाणवेल. धुक्याविषयी बोलताना एक गैरसमजही दूर करावयास हवा. पिवळा प्रकाश धुके भेदून जातो, असे सर्रास म्हटले जाते. फ्रान्समध्ये १९९३ पर्यंत पिवळ्या हेडलाइटची सक्ती होती, त्यामुळे या मताला वजन आले असावे. परंतु धुक्याचे थेंब प्रकाशाच्या तरंगलांबीच्या मानाने पुष्कळ मोठे असल्यामुळे त्यांच्याकडून होणारे विखुरणे रंगावर फारसे अवलंबून नसते. धुक्यात उपयोगी पडतो तो खालचा, धारदार कडेचा झोत. निळसर लेप दिलेला हॅलोजन बल्ब तर प्रकाशाचा काही भाग स्वतःच गिळतो. पांढरेपणा वाढला म्हणजे प्रकाश वाढला असे नव्हे.

कायद्याचा विचार थोडक्यात. केंद्रीय मोटार वाहन नियम, १९८९ यांतील नियम १०६ नुसार समोरचा दिवा असा असला पाहिजे की, दिव्यापुढे ८ मीटरवर, गाडीच्या उजव्या कडेपासून अर्धा मीटर बाजूला व जमिनीपासून दीड मीटर उंचीवर डोळे असलेल्या माणसास त्याने दिपू नये. या तीन मापांतच वरील सारे विवेचन सामावले आहे, हे वाचकांच्या ध्यानात येईल. मोटार वाहन अधिनियम, १९८८ याचे कलम ५२ निर्मात्याच्या मूळ तपशिलापासून गाडीत फेरफार करण्यास मर्यादा घालते. २०१९ च्या दुरुस्तीने आलेल्या कलम १८२-अ खाली अननुमत फेरफारास प्रत्येकी पाच हजार रुपये दंड, सहा महिन्यांपर्यंत कारावास, किंवा दोन्ही होऊ शकतात.

शेवटचा मुद्दा पिकअप गाडीस विशेष लागू आहे, आणि आश्चर्य असे की दिव्यांवर हजारो रुपये खर्च करणारेही त्याकडे पाहत नाहीत. तो म्हणजे झोताची पातळी. रिकाम्या पिकअपची मागील बाजू उंच असते. क्रेट भरले की मागचे पाटे बसतात आणि नाक वर येते. दोन्ही चाकांमधील अंतर तीन मीटर धरू आणि मागची बाजू पुढच्यापेक्षा सहा सेंटिमीटर अधिक दबली असे मानू; गाडीचा कल शेकडा दोन झाला. रिकाम्या गाडीवर शेकडा एक खाली लावलेला डिपर आता शेकडा एक वर पाहतो. म्हणजे उत्तम मान्यताप्राप्त दिवा, पूर्ण विद्युत्‌दाब, स्वच्छ काच हे सारे असूनही द्राक्षांनी भरलेली गाडी रात्रभर समोरच्यांस दिपवीत जाते. आणि चालकाचा स्वतःचा प्रकाश झाडांच्या शेंड्यांवर पडतो. ताशी ८० किलोमीटर वेगाने जाताना, प्रतिक्रियेस दीड सेकंद व ब्रेकला दर सेकंदास ५ मीटर प्रतिसेकंद मंदन धरले तर थांबावयास सुमारे ८३ मीटर लागतात. वर आपण पाहिलेली ८० मीटरची प्रकाशकड या वेगास जेमतेमच पुरते, ती वाया घालविण्यासारखी नाही.

म्हणून झोत लावावयाचा तो भरलेल्या गाडीवर. टायरमध्ये योग्य हवा भरून, नेहमीचा माल लादून, चालक जागेवर बसलेला असताना गाडी सपाट जमिनीवर भिंतीपासून दहा मीटर दूर उभी करावी. दिव्याच्या मध्याची उंची भिंतीवर खडूने आखावी, तिच्या खाली दहा सेंटिमीटरवर दुसरी रेघ ओढावी आणि एकेक दिवा झाकून दुसऱ्याची कड त्या खालच्या रेघेवर आणावी. कडेचा चढ डाव्या बाजूस येत आहे ना, हेही त्याच वेळी दिसेल. परतीच्या रिकाम्या प्रवासात झोत जरा आखूड पडेल. डॅशबोर्डावर झोत खालीवर करण्याचे चाक असेल तर रिकाम्या गाडीत ते शून्यावर राहील अशा बेताने स्क्रू लावून, माल भरल्यावर ते फिरवावे, आणि कोणत्या आकड्यावर कड दुसऱ्या रेघेस मिळते ते एकदा याच भिंतीवर पाहून ठेवावे.